‘व्हाय पुणे?’

गेल्या वर्षी क्लायंटकडचे चार जण आमचं ऑफिस बघायला येणार होते. अशा वेळी काय धावपळ उडते ते आयटीतल्यांना सांगायला नको. लिफ्टपाशी रांगोळी, महिनाभर बंद असलेलं कॉफी मशीन एका रात्रीत सुरू, आणि एरवी घरून काम करणाऱ्या सगळ्यांना ‘त्या दिवशी जागेवर दिसा’ असा मेल. माझ्या वाट्याला एक स्लाइड आली. तिचं शीर्षक आधीच ठरलेलं होतं: ‘व्हाय पुणे?’

मी मन लावून केली. खोडदची रेडिओ दुर्बीण, सी-डॅकचा परम महासंगणक, पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही, आयुका, मान्सूनचा अभ्यास करणारी आयआयटीएम. फोटो शोधले, सालं तपासली. मॅनेजरने बघितली. तो मराठीच आहे, आमचं एकेरीत चालतं. म्हणाला, “भारी झालीय रे. पण क्लायंटला याचा काय उपयोग?” आणि माझ्यासमोर बसून त्याने ती ओळ पुसली. तिच्या जागी आलं ते असं: दरवर्षी बाहेर पडणाऱ्या इंजिनिअरांची संख्या, ऑफिसच्या जागेचं दर चौरस फुटाचं भाडं, मुंबईपासूनचं अंतर, लोक नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण बेंगळुरूपेक्षा कसं कमी आहे, आणि हवामान. हवामानासाठी शनिवारवाड्याचा एक फोटो. का, ते विचारू नका.

मला राग आला तो मॅनेजरचा नाही. राग याचा आला की त्याचं बरोबर होतं. त्या चार जणांना जे विकत घ्यायचं होतं, त्याचा माझ्या ओळीशी खरंच काही संबंध नव्हता.

तेव्हापासून मला ‘पुणे म्हणजे तंत्रज्ञानाचं आणि संशोधनाचं केंद्र’ हे वाक्य ऐकवत नाही. पेपरात, बिल्डरच्या जाहिरातीत, मंत्र्यांच्या भाषणात ते सारखं येतं, आणि मधल्या ‘आणि’वर कुणी अडखळत नाही. जणू हिंजवडी आणि पाषाण ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. माझं म्हणणं आहे की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दुसरीच्या नावावर मिरवते आहे, आणि मिरवणाऱ्यांत मीही आहे.

विद्यापीठ चौक सगळ्यांना माहीत आहे. निदान तिथला ट्रॅफिक तरी. २०२० मध्ये तिथला उड्डाणपूल पाडला, मग मेट्रोचे खांब आले, मग नवा पूल. या चौकातून तीन रस्ते फुटतात: औंध, बाणेर आणि पाषाण. कंपन्यांच्या बसेस औंध नाहीतर बाणेरकडे वळतात. वळण्याआधी त्या विद्यापीठाच्या भिंतीलगत उभ्या राहतात. पावसाळ्यात मी वीस-वीस मिनिटं उभा राहिलोय. त्या भिंतीच्या आत सी-डॅक आहे, आयुका आहे, रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए आहे. तिसऱ्या रस्त्याने गेलं की पाषाण: एनसीएल, आयसर, आयआयटीएम. माझ्या बसमधल्या पंचेचाळीस जणांपैकी किती जण कधी त्या भिंतीच्या आत गेले असतील? मी स्वतः चार वर्षं तिथे थांबून हेडफोन लावून बसत होतो. आत काय आहे ते मला स्लाइडसाठी गुगल केल्यावर नीट कळलं. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन, पुण्यात राहून.

त्यानंतर मी खोडदला गेलो. नारायणगावपासून आत, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून रस्ता जातो, आणि अचानक मोठमोठ्या तबकड्या दिसायला लागतात. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा एकूण ३०. त्यातल्या १४ मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. सगळ्यांकडून आलेले संकेत एकत्र केले की सुमारे २५ किलोमीटर पसरलेली एकच दुर्बीण असल्यासारखं काम होतं.

आकड्यांपेक्षा मला तिची बांधणी अडकवून गेली. एवढ्या मोठ्या तबकड्या नेहमीच्या पद्धतीने भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन प्रचंड, वाऱ्याचा दाब प्रचंड आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेर. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरखंडांचा सांगाडा ताणून त्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवली. तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. जाळीतून वारा आरपार जातो. पण ज्या लांब रेडिओ लहरी पकडायच्या आहेत त्यांना ही जाळी भरीव आरशासारखीच असते, कारण लहरींच्या मानाने जाळीची भोकं फारच लहान आहेत. म्हणजे पैसे कमी होते म्हणून स्वस्तातलं काही केलं, असं नाही. आपल्याला नक्की कोणत्या लहरी ऐकायच्या आहेत हे आधी ठरवलं, आणि त्या प्रश्नाला जेवढं लागतं तेवढंच बांधलं. पुढे २०१६ मध्ये युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा अतिशय क्षीण संकेत खोडदला ऐकू येत होता. उतरायच्या थोडं आधी तो थांबला. यान आदळलं होतं. जुन्नर तालुक्यात बसून कुणीतरी ते ऐकलं, या गोष्टीवर मी अजून पुरता विश्वास ठेवू शकलेलो नाही.

दुसरं उदाहरण तर तुमच्या हातात आहे, अक्षरशः. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं ते अमेरिका हवा तसा महासंगणक द्यायला तयार नव्हती म्हणून. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते, छाती फुगवून सांगितली जाते आणि तिथेच संपते. त्यातली युक्ती फार जण सांगत नाहीत. एक अजस्र प्रोसेसर बनवणं शक्य नव्हतं, म्हणून बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकमेकांना जोडून काम वाटून दिलं. आज जगभरचे महासंगणक याच समांतर वाटेने जातात.

पण मला जास्त जवळचं वाटतं ते तिथलं ‘जिस्ट’चं काम. आयआयटी कानपूरला सुरुवात झालेलं हे तंत्रज्ञान सी-डॅकमध्ये येऊन वाढलं. भारतीय लिप्या संगणकात कशा साठवायच्या? ‘क’ला वेलांटी जोडली की पडद्यावर ती डावीकडे दिसते, मग साठवताना ती आधी की नंतर? जोडाक्षराचं काय? मराठीपासून मल्याळमपर्यंत एकच कळफलक चालेल का? हे प्रश्न कॅलिफोर्नियात कुणाला पडायचं काही कारण नव्हतं. इथे पडले, आणि त्यातून ‘इस्की’ या प्रमाणाचं आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाचं काम पुढे गेलं. युनिकोडने देवनागरीचा तक्ता केला तेव्हा मांडणी घेतली ती इस्कीचीच. तुम्ही हा लेख फोनवर वाचताय, त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकामागे ते काम आहे. ‘व्हाय पुणे?’च्या स्लाइडवर याला जागा नव्हती. अर्थात स्लाइड इंग्रजीत होती.

अशा आणखीही गोष्टी आहेत. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये बुरशीवरचं एक औषध सापडलं, हॅमायसिन. ज्या जीवाणूपासून ते मिळालं तो तिथल्याच मातीतला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात चक्क पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आज तिथून जाताना कोणाला वाटेल की या मातीच्या नावाचा जीवाणू आहे? १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसांना ताप यायला लागला, तेव्हा त्यामागचा विषाणू शोधला तो पुण्याच्या संस्थेने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने. कोविडच्या आधी आमच्यातल्या किती जणांना ती माहीत होती, कुणास ठाऊक. शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते का, हेही मला आत्ता कळलं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं. रिक्षावाले अजून तेच नाव सांगतात.

या सगळ्यांत मला एक गोष्ट समान दिसते. प्रश्न कोणता सोडवायचा हे ठरवण्यात इथल्या माणसांचा हात होता. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते मिळेपर्यंत थांबायची तयारी कुणीतरी, बहुतेक वेळा सरकारने, म्हणजे करदात्यांनी दाखवली होती.

आता माझं काम. मी परदेशातल्या एका विमा कंपनीचं क्लेमचं सॉफ्टवेअर सांभाळतो. गेल्या प्रोजेक्टमध्ये आठ महिने आम्ही अकरा जणांनी एक जुनी प्रणाली नव्या आवृत्तीवर नेली. काम सोपं नव्हतं. रात्रीचे कॉल झाले, दिवाळीत लॅपटॉप घेऊन गावी गेलो. पण त्या आठ महिन्यांत माझ्यासमोर असा एकही प्रश्न आला नाही ज्याचं उत्तर जगात कुणालाच माहीत नव्हतं. उत्तर कुठेतरी होतंच: कागदपत्रांत, कुठल्यातरी फोरमवर, नाहीतर क्लायंटच्या त्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरच्या डोक्यात, जो मेलला दोन दिवसांनी उत्तर द्यायचा. आमचं काम ते हुडकून वेळेत बसवणं.

असं का होतं हे समजायला टाइमशीट बघावी. दर शुक्रवारी मी माझे चाळीस तास भरतो. प्रत्येक तासापुढे एक कोड असतो, त्या कोडवर क्लायंटला बिल जातं. बिल न होणारा माणूस ‘बेंच’वर, आणि बेंचवरचा माणूस म्हणजे तोटा. आता अशा ठिकाणी कुणी म्हणालं, ‘मला सहा महिने द्या, एक गोष्ट जमते का बघतो, कदाचित जमणार नाही,’ तर त्या सहा महिन्यांचा कोड कुठला? कुणाला बिल लावणार? आमच्यात हुशार लोक नाहीत असं मुळीच नाही. माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, तिच्याइतकं तर्कशुद्ध डोकं मी कॉलेजमध्येही पाहिलं नव्हतं. ती गेली दोन वर्षं रिपोर्टचे कॉलम हलवते आहे. धंद्याची रचनाच अशी आहे की जमेल की नाही माहीत नसलेली गोष्ट करायला तिच्यात रकाना नाही.

“पण या धंद्याने लाखो घरं उभी केली,” असं तुम्ही म्हणाल. केलीच. माझ्या बहिणीचं लग्न, वडिलांचं बायपास, सगळं याच टाइमशीटवर झालं. ज्यांच्या घरात पहिल्यांदा पगार आला त्यांना ‘तुझं काम सर्जनशील नाही’ म्हणून हिणवणाऱ्यांतला मी नाही. पोट भरतं ही मोठी गोष्ट आहे. मी भांडतोय ते तिला दिलेल्या नावाशी. पोट भरणाऱ्या धंद्याला संशोधनाचं केंद्र म्हटलं की खरं संशोधन कमी पडतंय हे दिसायचंच बंद होतं.

आणि हो, त्या भिंतीच्या आत काही स्वर्ग नाही. पीएचडी करणाऱ्या मित्रांकडून मी रखडलेल्या फेलोशिपच्या कथा ऐकल्यात, एका उपकरणाच्या खरेदीची फाइल कशी वर्षभर फिरते ते ऐकलंय. कंत्राटावर ठेवलेले प्रोग्रामर माझ्या निम्म्या पगारात माझ्याहून अवघड काम करतात. म्हणून तर चीड येते. शहराच्या नावाला ज्या गोष्टीने वजन आलं ती उपाशी, आणि आम्ही तिच्या नावावर भाव खातो.

‘खासगी उद्योगाला हे परवडत नाही’ हे तर मला मुळीच पटत नाही, कारण याच शहरात ते झालेलं आहे. टाटांनी १९८१ मध्ये हडपसरला टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. तिथे सॉफ्टवेअर लिहिणारं सॉफ्टवेअर कसं बनवायचं यावर काम झालं, आणि त्याच छपराखाली भाताच्या तुसाच्या राखेने पिण्याचं पाणी गाळण्यावरही. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. भावाने, संजयने, अँटिव्हायरस लिहिला कारण दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसने बेजार होते. प्रश्न दुकानाच्या काउंटरवर आला होता, कुणी पाठवला नव्हता. त्यातून क्विक हील झालं.

आजकाल खराडी-बालेवाडीत काचेच्या इमारतींवर ‘आर अँड डी सेंटर’ अशा पाट्या दिसतात. त्यातल्या काही ठिकाणी खरोखर अवघड अभियांत्रिकी चालते, गाड्यांची, चिप्सची. माझे मित्र आहेत तिथे, मला त्यांचा हेवा वाटतो. तरी त्यांना एकच विचारतो: पुढची दोन वर्षं कशावर काम करायचं हे कोण ठरवतं? उत्तर कधी जर्मनीतल्या गावाचं येतं, कधी अमेरिकेतल्या. “इथून सुचवता येतं की,” एक जण म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, “तसा फॉर्म आहे.”

इतके दिवस हे सगळं चालून जात होतं कारण तास विकले जात होते. आता तेही खात्रीचं राहिलेलं नाही. २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२ हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. उत्तर आधीपासून कुठेतरी असलेले प्रश्न सोडवायला यंत्र शिकलंय. माझा निम्मा कोड आज तेच लिहितं, मी वाचून मान डोलावतो. दर तासाच्या भावावर उभं असलेलं शहर या वळणावर काय करणार आहे? स्लाइडवर ‘स्वस्त आणि भरपूर मनुष्यबळ’ हे सामर्थ्य म्हणून लिहिलेलं आहे. क्लायंटनेही ती ओळ वाचलीय, आणि आता त्याच्याकडे त्याहून स्वस्त आणि त्याहून भरपूर काहीतरी आहे.

या शहराला आपल्याकडे काय आहे ते कळतं कधी, तर ते आडवं आल्यावर. पुणे-नाशिक रेल्वेमार्ग नारायणगावकडून गेला तर दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल म्हणून तो बदलायची भाषा सुरू झाली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर बऱ्याच जणांनी पहिल्यांदा जीएमआरटीचं नाव वाचलं. ‘ही कसली दुर्बीण, विकासाला आडवी येतेय.’ जुन्नरच्या शेतकऱ्याचा राग मी समजू शकतो. त्याला स्टेशन हवंय, त्याचा टोमॅटो वेळेत पोचायला हवाय, आणि दुर्बिणीने त्याला काय दिलं हे त्याला जाऊन कुणी सांगितलेलं नाही. पण आपण? आपण तर याच दुर्बिणीच्या शहरात राहतो म्हणून मिरवतो ना? रेल्वे आणि दुर्बीण दोन्ही कसं साधेल यावर एखाद्या आयटी कंपनीने, एखाद्या उद्योजक संघटनेने दोन शब्द बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मला कंपन्यांकडून फार मोठं काही नकोय. ज्या कंपनीला आपल्या जाहिरातीत पुण्याच्या संशोधन परंपरेचं नाव घ्यायचंय, तिने निदान दोन माणसं वर्षभर बिलाबाहेर ठेवून त्या भिंतीच्या आत पाठवावीत. मान्सूनच्या प्रारूपांना वेगवान कोड लागतो, विषाणूंच्या जनुकांची तुलना करायला लागतो, दुर्बिणीच्या डेटातून मोबाइल टॉवरचा गोंगाट काढायला लागतो. कोड तर आम्हाला येतो. नाही पाठवायची? मग ते नाव पुसा. माझ्या मॅनेजरने पुसलं तसं. त्याने निदान खोटं तरी बोललं नाही.

मी स्वतः अजून नोकरी सोडलेली नाही आणि सोडीनच असंही नाही. गृहकर्ज २०४१ पर्यंत आहे. जीएमआरटीने केलेल्या आकाशाच्या एका सर्वेक्षणाची चित्रं कुणालाही उतरवून घेता येतात. तीन महिन्यांपूर्वी मी त्यातली काही घेतली. फाइल उघडायलाच दोन संध्याकाळी गेल्या, फॉरमॅट कधी पाहिलेला नव्हता. आता उघडते. करड्या पडद्यावर पांढरे ठिपके दिसतात. त्यातला एक जोडठिपका काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, आणि या वेळी मेल टाकून विचारायला क्लायंटकडचा तो म्हातारा इंजिनिअर नाही.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला सगळ्यांना आत जाऊन बघता येतं. आजूबाजूच्या शाळांची पोरं ट्रक-टेम्पो भरून येतात. हिंजवडीचे मला त्या गर्दीत फार दिसले नाहीत. यायचं असेल तर नारायणगावपर्यंत एसटी आहे, पुढे जीप मिळते. कामाचा दिवस असला तर रजा टाकावी लागेल. आणि आत गेल्यावर फोन बंद करावा लागतो, सायलेंट नाही, बंद. त्यांना ऐकू येत नाही.